लिंगोच्या गाण्याचे वाचक

गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचे गाणे १८६६ साली छापील पुस्तकात आले. तोवर ते परधान गायकांच्या गळ्यात आणि त्यांच्या किंगरी या वाद्याच्या तारांवर होते, आणि गोंड यजमानाच्या अंगणात बसूनच ऐकायचे असे. छापले गेल्यावर त्याला दुसरा श्रोतृवर्ग मिळाला. तो इंग्रजी वाचणारा होता आणि त्यातल्या बहुतेकांनी किंगरी कधी ऐकलेली नव्हती. पुढच्या दीडशे वर्षांत या पुस्तकाबद्दल जी मते मांडली गेली, ती एकमेकांपासून फार दूर आहेत. कोणाला त्यात प्राचीन काव्य दिसले, कोणाला हिंदू पुराणाची भ्रष्ट नक्कल, कोणाला जातिव्यवस्थेचा पुरावा. शेवटी ज्यांचे ते गाणे, त्यांनीच ते पुस्तक हातात घेतले आणि त्यात काय चुकले आहे ते सांगितले. या अखेरच्या मताचा सर्वांत ठळक परिणाम गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, देवरी आणि सालेकसा तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात दिसतो.

देवरी हे नागपूर–रायपूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. छत्तीसगडची हद्द इथून जवळ. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, त्याआधी हा सारा मुलूख भंडाऱ्यात होता. ब्रिटिश काळात या भागात लहान-मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. तालुक्यातले चिचगड त्यांपैकीच एक. गोंड आणि हलबा वस्तीमुळे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय देवरीत आहे आणि देवरी, सालेकसा, आमगाव हे तालुके ज्या मतदारसंघात येतात तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. इथे गोंडी, झाडीबोली आणि छत्तीसगढी एकाच बाजारात ऐकू येतात. शेजारच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई–हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकापासून जवळ, धनेगावच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. लिंगोच्या गाण्यात गोंडांना जिथे कोंडले होते ती गुहा हीच, असे आज लाखो गोंड मानतात.

गाणे टिकवले ते परधानांनी. परधान हे गोंडांचे भाट, वंशावळी सांगणारे आणि देवकार्यात वाद्य वाजवणारे. परधानाचा ठरावीक गोंड कुळांशी पिढीजात संबंध असे. तो त्या घरांत ठरल्या वेळी जाई, पूर्वजांची नावे घेई, देवांची कथा गाई आणि बदल्यात धान्य, कापड, कधी जनावर घेऊन परते. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या वाद्याला बाना म्हणतात, विदर्भात आणि आदिलाबादकडे किंगरी किंवा किकरी. दोन्ही गजाने वाजवायची तंतुवाद्ये. बान्यात बडादेवाचा वास असतो अशी श्रद्धा आहे, म्हणून ते वाद्य घरात देवासारखे ठेवले जाई. सामाजिक पायरीत मात्र गोंड परधानाला धाकटा भाऊ मानत आणि त्याच्या हातचे खात नसत. ज्याच्यावाचून देव जागा होत नाही, त्याच्याच पंक्तीला बसायचे नाही! गाण्याच्या इतिहासात ही विसंगती ध्यानात ठेवावी लागते, कारण पुस्तकाच्या बहुतेक वाचकांनी गाण्याचा विचार करताना गाणाऱ्याला बाजूला ठेवले.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. त्याने शाळा काढली, भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला, नागपूरच्या परिसरातले जीवाश्म गोळा केले, आणि जंगलातल्या जमातींच्या भाषांची टिपणे ठेवली. नागपुरातच एका परधानाकडून त्याने लिंगोचे गाणे गोंडीत उतरवून घेतले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडून मेला. कागद अर्धवट राहिले. मध्य प्रांत १८६१ मध्ये नव्याने बनवला गेला होता आणि रिचर्ड टेंपल त्याचा मुख्य आयुक्त होता. त्याने ती हस्तलिखिते जुळवली, टिपा घातल्या आणि १८६६ मध्ये ‘पेपर्स रिलेटिंग टू द अॅबोरिजिनल ट्राइब्ज ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ या नावाने प्रसिद्ध केली. गाणे रोमन लिपीत गोंडी मजकुरासह आणि इंग्रजी अनुवादासह छापले होते. एकूण ओळी हजाराच्या आसपास. ज्या परधानाने ते सांगितले, त्याचे नाव वाचकांच्या स्मरणात राहिले नाही. पुस्तक हिस्लॉपचे म्हणूनच ओळखले गेले.

गाण्याची कथा अशी. सृष्टी झाल्यावर गोंड जन्माला येतात. ते काहीही खातात, धुमाकूळ घालतात, आणि महादेव वैतागून त्यांना एका गुहेत कोंडून तोंडावर भला मोठा दगड लावतो. चौघे निसटतात आणि काचीकोपा लोहागड नावाच्या जागी लपतात. पार्वतीला गोंडांची आठवण येते, ती उपास धरते. मग लिंगो जन्मतो, फुलातून. तो या चार भावांना भेटतो, त्यांच्यासोबत जंगल तोडतो, धान पेरतो. शिकार भाजायला विस्तव नसतो, म्हणून तो एका राक्षसाच्या घरी जातो. तिथे भोपळ्याचे वाद्य करून असे वाजवतो की म्हातारा राक्षस आणि त्याची बायको नाचू लागतात. राक्षसाच्या मुली भावांच्या बायका होतात, त्यांच्या खोट्या आळामुळे भाऊ लिंगोला मारतात, अमृताने तो पुन्हा उठतो. पुढे महादेवाची अट पुरी करण्यासाठी तो एका भयंकर पक्ष्याची पिल्ले आणतो, कोंडलेले गोंड सुटतात. पुरातून काहींना कासव तारते, म्हणून कासवाशी इमान राखण्याचा दंडक घातला जातो. शेवटी लिंगो गोंडांची कुळे पाडतो, देव वाटून देतो, लग्नाचे विधी ठरवतो.

कथा म्हणून हे वाचताना एक गोष्ट निसटते. या गाण्यात संकटातून वाट निघते ती अनेकदा वाद्यामुळे, आणि ते गाणारा माणूस स्वतः वाद्य वाजवत असतो. राक्षसाला नाचवणारा लिंगो आणि अंगणात बसलेला परधान ऐकणाऱ्याच्या मनात एक होतात. छापील पानावर हे घडत नाही. हिस्लॉपने शब्द जपले, त्यासाठी त्याचे ऋण मोठे आहे. चाल, विराम, यजमानाचे नाव मध्येच गुंफण्याची पद्धत, किंगरीचे मधले वादन हे सारे पुस्तकाबाहेर राहिले. एका गायकाच्या पाठाला ‘गोंडांचे गाणे’ असे सर्वसाधारण नाव मिळाले, आणि पुढच्या वाचकांनी ते अधिकृत संहितेसारखे वापरले.

पहिला ठळक वाचक म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्साइथ. तो वनखात्यात होता आणि पंचमढीच्या पठारावर त्याने बायसन लॉज बांधला. १८७१ च्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात त्याने लिंगोचे गाणे संक्षेपाने इंग्रजी पद्यात आणले. त्यासाठी त्याने लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चे वृत्त निवडले. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथांवर एका अमेरिकी कवीने वापरलेले, मुळात फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतलेले ते वृत्त होते. म्हणजे नागपूरच्या परधानाचे गाणे युरोप-अमेरिका फिरून आलेल्या तालात बसवले गेले. फोर्साइथला गाणे आवडले होते यात शंका नाही, त्याने त्याला पुस्तकात भरपूर जागा दिली. पण त्याची आवड त्याला ओळखीच्या वाटणाऱ्या काव्याची आवड होती. मूळ गाण्यात एकच कृती तीन-चार वेळा त्याच शब्दांत येते. तो गायकाचा श्वास आणि श्रोत्याची गुंगी असते. संक्षेपात ती पुनरावृत्ती सर्वांत आधी गेली.

याच सुमारास दुसरे मतही रुजू लागले. गाण्यात महादेव आहे, पार्वती आहे, नारायण आहे. त्यामुळे ही मूळ गोंड कथा नाही, तिच्यावर हिंदू पुराणांची पुटे चढली आहेत, असे इंग्रज वाचकांना वाटले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंडांत ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ प्रसिद्ध केले, तेव्हा गोंडांवरच्या लेखात हिस्लॉपच्या गाण्याचा विस्ताराने सारांश दिला. त्यांच्या हातात ते गाणे कुळांच्या उत्पत्तीची नोंद झाले. कोणत्या गोत्राचे किती देव, कोणाचे लग्न कोणाशी चालते, याचा आधार म्हणून ते वाचले गेले. सरकारी अधिकाऱ्यांच्या कपाटात हे खंड पुढची कित्येक वर्षे राहिले, आणि लिंगोची कथा बाहेरच्या जगाला प्रामुख्याने या सारांशातून कळली. सारांशाचा सारांश होत गेला, तसतसे गाणे आणखी आकसले.

मराठी माणसाचा हात या इतिहासात येतो तो शामराव हिवाळे यांच्या रूपाने. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची आणि व्हेरिअर एल्विन या इंग्रज धर्मोपदेशकाची गाठ पडली. १९३२ मध्ये दोघे मैकल डोंगरांत गेले आणि गोंडांमध्ये राहू लागले. त्यांचा ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हा संग्रह १९३५ चा, ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ १९४४ चा. या दोघांनी महाकाव्याकडे पाठ फिरवून करमा, ददरिया, सैला अशी नाचात म्हटली जाणारी छोटी गाणी गोळा केली. त्यात हिस्लॉपच्या पुस्तकाबद्दलचे एक मत दडलेले आहे: गोंडांचे गाणे म्हणजे फक्त लिंगो नव्हे. रोजच्या प्रेमाची, भुकेची, पावसाची गाणी तितकीच त्यांची आहेत. १९४६ मध्ये हिवाळ्यांचे ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ आले. गाण्यावरून नजर उचलून गाणाऱ्यावर ठेवणारे हे पुस्तक आहे. परधान यजमानाकडे कसा जातो, काय मागतो, बाना कसा सांभाळतो, त्याची गरिबी आणि त्याचा तोरा, हे हिवाळे शेजाऱ्याच्या आपुलकीने सांगतात. एल्विनच्या कीर्तीच्या सावलीत हिवाळ्यांचे नाव मागे पडले, ते पडायला नको होते. हिस्लॉपने परधानाचे शब्द घेतले आणि हिवाळ्यांनी परधानाला माणूस म्हणून पुस्तकात आणले, इतके हे काम मोलाचे आहे. ज्या पाटणगडला एल्विन आणि हिवाळे राहिले, तिथल्याच परधान घरात १९६२ च्या सुमारास जनगढसिंह श्याम जन्मले. गाण्यातले देव त्यांनी रंगांत आणले आणि आज गोंड चित्रकला म्हणून जगभर ओळखली जाणारी शैली त्यांच्यापासून सुरू झाली.

दक्षिणेकडे, निजामाच्या राज्यातल्या आदिलाबादेत, मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फने १९४० च्या दशकात परधानांकडून देवकथा नव्याने ऐकल्या. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्याने हिस्लॉपचा पाठ शेवटचा शब्द मानला नाही. प्रत्येक देवसमूहाची कथा वेगळी, ती त्या त्या कुळाच्या पूजेत गायली जाते, आणि पूजेपासून तोडली तर तिचा अर्थ उरत नाही, हे त्याने दाखवले. तिथले परधान घरात मराठी बोलत आणि देवाची गाणी गोंडीत गात, हा तपशील मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले, तेव्हा गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. याच मुलखात सरकारी सेवेत असताना सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले. गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिले, भाषेच्या व्याकरणावरही काम केले. मराठी विद्वानांपैकी गोंडी ऐकून समजणारे फार थोडे झाले, त्यांत पगडींचे स्थान वरचे आहे. मुंबईत समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मात्र १९४३ मध्ये आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवणारी मांडणी केली. गाण्यातल्या महादेव-पार्वतीकडे ‘पुटे’ म्हणून पाहायचे की मुळातले नाते म्हणून, या प्रश्नाला त्यामुळे राजकीय धार आली.

बस्तरकडची परंपरा या वादाला आणखी एक बाजू देते. तिथे लिंगो हा घोटुल या युवागृहाचा संस्थापक आणि संगीताचा आदिगुरू आहे. तो एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवी असे सांगतात. एल्विनने १९४७ च्या ‘द मुरिया अँड देअर घोटुल’मध्ये ही कथा दिली आहे. देवरीच्या आग्नेयेला फार दूर न जाता लिंगोचे चरित्र इतके बदलते. तेव्हा नागपूरचा एक पाठ साऱ्या गोंडवनाचा मानणे मुळातच अडचणीचे होते.

गोंड वाचकांनी हे पुस्तक हाती घेतले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याची पूर्वतयारी आधीच सुरू झाली होती. बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. बालाघाट म्हणजे गोंदियाला लागूनच. आपली कथा आपल्या अक्षरांत लिहिली जावी ही इच्छा त्यात स्पष्ट आहे. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी ती इच्छा पुढे नेली. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या हिंदी ग्रंथात त्यांनी लिंगोला धर्मसंस्थापक म्हणून उभे केले. मराठीत व्यंकटेश आत्राम यांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ हे पुस्तक याच धाग्यातले.

कंगालींच्या मांडणीत गाण्यातल्या महादेवाचा अर्थ पालटतो. तो पौराणिक शिव राहत नाही, तो शंभू शेक होतो, गोंडवनाच्या एकामागून एक झालेल्या अठ्ठ्याऐंशी शंभूंपैकी एक. गुहेत कोंडली गेलेली खादाड टोळी राहत नाही, ती कली कंकाली या आईची तेहतीस लेकरे होतात. त्यांना सांभाळणारी जंगो रायताड कथेत मानाची जागा घेते. आणि सुटकेचा प्रसंग पूर्ण बदलतो. हिस्लॉपच्या पाठात सुटका महादेवाची अट पाळल्यावर होते. या पाठात हिरासुका पाटालीर नावाचा वादक गुहेच्या तोंडाशी किंगरी वाजवतो. त्या सुरांनी आतल्या लेकरांच्या अंगात बळ येते, ती सगळी मिळून दगड ढकलतात, दगड गडगडत खाली येतो आणि हिरासुका त्याखाली चिरडून मरतो. त्यानंतर लिंगो त्या लेकरांना दीक्षा देऊन सगा म्हणजे कुळसमूह आणि गोत्रे बांधून देतो. सातशे पन्नास हा गोत्रांचा आकडा आज गोंड घरांच्या भिंतींवर आणि लग्नपत्रिकांवर दिसतो.

या दोन पाठांतला फरक भाविक आणि अभ्यासक दोघांनीही गांभीर्याने घ्यावा असा आहे. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा कंगालींचा दावा लिपितज्ज्ञांनी मान्य केलेला नाही, आणि अठ्ठ्याऐंशी शंभूंच्या परंपरेला लिखित पुरावा मिळणे कठीण आहे. पण हिरासुकाच्या कथेत एक नेमके मर्म आहे. छापील पुस्तकाने ज्याला अनाम ठेवले, तो गाणारा या पाठात नावासह परततो, आणि साऱ्या गोंडांची सुटका त्याच्या वादनामुळे होते. परधानाला पंक्तीबाहेर ठेवणाऱ्या समाजाने आपल्या मूळकथेच्या मध्यभागी वादकाचे बलिदान ठेवावे, हे मोठे आत्मपरीक्षण आहे. हिस्लॉपच्या पुस्तकावर आलेल्या सर्व अभिप्रायांत हा सर्वांत सखोल म्हणावा लागेल.

गाण्यातले काचीकोपा लोहागड कुठे, हा प्रश्न याच वाचनातून पुढे आला. पंचमढीच्या महादेव डोंगरांकडे बोट दाखवणारी समजूत जुनी आहे. कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालेकशाच्या कचारगडाकडे लक्ष वेधले. लोहखनिज असलेला डोंगर, मोठ्या तोंडाची गुहा, आजूबाजूची गोंड वस्ती, आणि नावातले साम्य ही त्यांची कारणे. १९८० च्या दशकाच्या मध्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक माघ पौर्णिमेला तिथे गेले. आज त्या दिवसांत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि ओडिशातून माणसे येतात. काही आमगाव आणि दरेकशाला रेल्वेने उतरतात, काही महामार्गाने देवरीवरून वळतात. पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, ‘जय सेवा’चा घोष, रेला नाचाचे फेर असतात. पुस्तकांच्या दुकानांत लिंगोच्या कथेच्या हिंदी आणि मराठी पुस्तिका आणि गोंडी दिनदर्शिका विकायला असतात. एका ग्रंथाच्या वाचनातून तीर्थक्षेत्र घडले, अशी उदाहरणे अर्वाचीन महाराष्ट्रात फार नाहीत.

परधानांचे जुने यजमानी नाते या काळात बहुतेक ठिकाणी तुटले. महाराष्ट्रात परधान ही स्वतंत्र अनुसूचित जमात म्हणून नोंदलेली आहे. अनेक घरांतली मुले शिक्षणात आणि नोकऱ्यांत गेली, किंगरी शिकणारे कमी झाले. ज्या पोरांना आजोबांची चाल येत नाही, ती आता कथा पुस्तिकेतून वाचतात. त्यामुळे कंगालींचा पाठ पक्का होत चालला आहे आणि घराघरांतले वेगळे पाठ मागे सरत आहेत. हिस्लॉपच्या छपाईने एकदा जे घडले, तेच पुन्हा घडण्याचा धोका यात आहे. म्हणून देवरी, सालेकसा, चिचगड या पट्ट्यात जे मोजके गाणारे उरले आहेत, त्यांचे गाणे चालीसकट, वादनासकट आणि गायकाच्या नावासकट ध्वनिमुद्रित होणे निकडीचे आहे. लिपीची अडचण आता राहिलेली नाही. मसराम यांची गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत सापडलेली दुसरी गोंडी लिपी २०१८ मध्ये.